रानबदकं, कॅमेरा आणि म्हशी : पार्श्वभूमी

बदकांचे फोटो काढणाऱ्यांच्या बऱ्याचशा युक्त्या मुळात शिकाऱ्यांच्या. पाण्याकाठचा आडोसा, उजाडायच्या आत जाऊन बसणं, चपट्या होडीत पालथं पडून पाण्याच्या पातळीवरून नेम धरणं. एकोणिसाव्या शतकातली पंट-गन, म्हणजे अशा होडीवर बसवलेली भली मोठी बंदूक, एका बारात डझनावारी बदकं पाडायची. आज त्याच पवित्र्यात लेन्स असते.

जागाही पुष्कळदा त्यांच्याच. राजस्थानातल्या भरतपूरजवळच्या केवलादेव या पाणथळात १९३८ साली व्हाइसरॉयच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. हे पाणथळ राजांनी खोलगट जमिनीत पाणी वळवून, बांध घालून तयार केलेलं. पाणथळ जागा जपण्यासाठी झालेल्या १९७१च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत असं मानवनिर्मित पाणीही बसतं, आणि १९८१ मध्ये केवलादेव त्या यादीत आलं.

वाद पेटला पुढच्या वर्षी. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं होतं, आणि तिथे गुरं नकोत म्हणून नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद झाली. आसपासच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. बंदीची बाजू कायद्याने पक्की होती आणि गुरांची संख्याही थोडीथोडकी नव्हती, हे खरं. पण म्हशी पाण्यात उतरून पास्पालम नावाचं गवत खात असत, हे कुणी हिशेबात धरलं नाही. म्हशी गेल्या आणि गवताने उथळ पाणी व्यापलं. तलवार बदक, थापट्या ही बदकमंडळी वरवरच्या पाण्यातून किंवा शेपूट वर करून चरतात. त्यांना उघडं, उथळ पाणी लागतं. त्यांची जागा आक्रसली. ऐंशीच्या दशकभर तिथे चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्षही म्हशींच्या बाजूचाच निघाला: मर्यादित चराई पाणथळाच्या फायद्याची. तोवर धोरण ठरून गेलं होतं. गावकऱ्यांना नंतर गवत कापून नेण्याची मुभा मिळाली, पण विळा काठाकाठाने चालतो, म्हैस गळाभर पाण्यात शिरते. माझ्या मते एवढ्या एका फरकाकडे आधी पाहिलं असतं तर बरंच टळलं असतं.

डिजिटल कॅमेरे आल्यावर गर्दी वाढली. फिल्मच्या काळात उडत्या थव्यावर अख्खा रोल संपायचा. आता सेकंदाला दहा-वीस फ्रेम सहज मिळतात. त्यातून उड्डाणाच्या फोटोसाठी थवा मुद्दाम उठवण्याची खोड लागली. थंडीत दिवसातून चार-पाचदा उठावं लागलेल्या बदकाची परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी तिथेच खर्च होते. शिकारीला निदान हंगाम असायचा.

आणि आता प्रश्न खुद्द पाण्याचा आहे. वरच्या अंगाला पांचना धरण झाल्यावर गंभीर नदीचं पाणी केवलादेवला पुरेसं पोचेना. २००४च्या सुमाराला तर तळी जवळजवळ कोरडी पडली होती. पुढे गोवर्धन ड्रेन नावाच्या कालव्यातून आणि चंबळच्या योजनेतून पाणी आणावं लागलं. बदकं किती उतरतील हे आता पावसाइतकंच या वाटपावर ठरतं.