नात्सुमेरो : जपानची स्मरणगीते

नात्सुमेरो म्हणजे ऐकणाऱ्याला त्याच्या तारुण्याची आठवण करून देणारी जुनी लोकप्रिय गाणी आणि ती पुन्हा पुन्हा ऐकण्याची व एकत्र गाण्याची जपानमध्ये रुळलेली प्रथा. ‘जुन्या ओढीची सुरावट’ अशा अर्थाच्या जपानी शब्दप्रयोगाचे हे बोलीभाषेतील लघुरूप असून ते कोणत्याही एका संगीतप्रकाराचे नाव नाही. गाणे कोणत्या शैलीत रचले आहे यापेक्षा ते प्रथम कानी पडले तेव्हा श्रोता किती वर्षांचा होता, यावरून ते नात्सुमेरो ठरते. त्यामुळे या गाण्यांची कक्षा दर पिढीबरोबर पुढे सरकत राहते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नात्सुमेरो म्हटले की १९३० च्या दशकातील गाणी अभिप्रेत असत. आज निवृत्तीच्या वयाला पोहोचलेल्यांसाठी तो मान १९७० व १९८० च्या दशकांतील गाण्यांना मिळतो. तरीही सम्राट हिरोहितो यांच्या शोवा कालखंडाशी (१९२६–८९) या संज्ञेचे नाते सर्वांत घट्ट आहे.

या गाण्यांचा उगम १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी भांडवलाच्या आधाराने जपानमध्ये उभ्या राहिलेल्या ध्वनिमुद्रिका-उद्योगात आहे. त्यापूर्वी रस्त्यावर किंवा रंगभूमीवर लोकप्रिय झालेले गाणे मागाहून तबकडीवर येत असे. आता कवी, संगीतकार आणि गायक यांना करारबद्ध करून कंपन्या स्वतःच गाणी घडवू लागल्या. कवी साइजो यासो आणि संगीतकार नाकायामा शिम्पेई यांचे, सातो चियाको यांनी गायलेले ‘टोकियो मार्च’ (१९२९) हे या नव्या व्यवस्थेचे सुरुवातीचे मोठे यश होय. याच सुमारास आलेल्या विद्युत ध्वनिमुद्रणामुळे मायक्रोफोनजवळ हळुवार, जवळजवळ कुजबुजत्या आवाजात गाणे शक्य झाले. संगीतकार कोगा मासाओ (१९०४–७८) यांचे ‘साके वा नामिदा का तामेइकी का’ (१९३१) हे गाणे फुजियामा इचिरो यांनी याच पद्धतीने गायले. फुजियामा त्या वेळी टोकियोच्या सरकारी संगीत विद्यालयाचे विद्यार्थी होते आणि विद्यार्थ्यांना व्यावसायिक गायनाची मुभा नसल्याने त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. ते उघडकीस आल्यावर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, पण पुढील साठ वर्षे ते याच नावाने गात राहिले.

कोगा यांच्या अनेक चालींचा पाया ‘योनानुकी’ या पाच स्वरांच्या सप्तकाचा आहे. त्यात चौथा आणि सातवा स्वर वर्ज्य असतात. त्याचे शुद्ध स्वरांचे रूप आपल्या भूप रागाच्या स्वरांशी तंतोतंत जुळते, कारण भूपातही मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. जपानी भाषेचा गंध नसलेल्या मराठी श्रोत्यालाही यांतील काही सुरावटी ओळखीच्या वाटतात, त्यामागे हे साम्य असावे. विरहाच्या गाण्यांत मात्र बहुधा गंधार आणि धैवत कोमल असलेले दुसरे रूप वापरले जाते. त्याच्या जोडीला गिटारची किंवा मँडोलिनची एकेरी तान आली की त्या काळाची ओळख पटते. या प्रवाहाच्या बाहेर हात्तोरी रियोइची (१९०७–९३) यांच्यासारखे जॅझमध्ये मुरलेले संगीतकारही होते. त्यांचे आणि गायिका कासागी शिझुको यांचे ‘टोकियो बुगीवुगी’ (१९४८) हे युद्धोत्तर शहरी उत्साहाचे प्रतीक मानले जाते.

१९३७ नंतर वयात आलेल्या पिढीच्या आठवणींत युद्धगीते अपरिहार्यपणे मिसळलेली आहेत, आणि नात्सुमेरोचा विचार करताना हा भाग टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संगीतकार कोसेकी युजी (१९०९–८९) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चीनमधील युद्धाच्या आरंभी घराघरांत पोहोचलेले ‘रोएइ नो उता’ (१९३७) हे सैनिकी गीत त्यांचे, आणि अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या नागासाकीवरचे ‘नागासाकी नो काने’ (१९४९) हे शोकगंभीर गीतही त्यांचेच. दोन्ही गाणी एकाच श्रोत्याच्या तारुण्याचा भाग असू शकत होती. ज्यांनी ती त्या वयात गायली, त्यांच्यासाठी मृत मित्र आणि पहिले सूर यांना वेगळे करणे शक्य नव्हते.

शरणागतीनंतर अवघ्या दोन महिन्यांनी, ऑक्टोबर १९४५ मध्ये प्रदर्शित झालेल्या एका चित्रपटातील ‘रिंगो नो उता’ (सफरचंदाचे गाणे) हे युद्धोत्तर काळातील पहिले सर्वतोमुखी झालेले गाणे ठरले. ते गाणाऱ्या नामिकी मिचिको यांची आई त्याच वर्षी १० मार्चच्या टोकियोवरील हवाई हल्ल्यात मरण पावली होती. अन्नाची भीषण टंचाई असलेल्या त्या हिवाळ्यात या आनंदी चालीने लोकांना किती आधार दिला, हे त्या पिढीतील असंख्य माणसांनी सांगून ठेवले आहे. याच पडझडीतून योकोहामाच्या एका मासेविक्रेत्याची मुलगी मिसोरा हिबारी (१९३७–८९) बालगायिका म्हणून पुढे आली आणि चाळीस वर्षे जपानी लोकप्रिय संगीताच्या केंद्रस्थानी राहिली. शोवा कालखंड संपला त्याच वर्षी तिचेही निधन झाले.

नात्सुमेरोचा सर्वांत समृद्ध साठा मात्र १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू झालेल्या स्थलांतरातून आला. त्या काळात तोहोकूसारख्या ग्रामीण भागांतून माध्यमिक शाळा नुकतीच संपवलेली पंधरा वर्षांची मुले-मुली खास आगगाड्यांनी टोकियोच्या उएनो स्थानकात उतरत आणि तेथून कारखान्यांत व दुकानांत कामाला जात. स्वस्त मनुष्यबळ म्हणून मालक त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. इझावा हाचिरो यांचे ‘आ उएनो एकी’ (१९६४) हे गाणे या मुलांचेच आहे आणि स्थानकाबाहेर त्याचा स्मृतिस्तंभही उभारलेला आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : गाव, आई, एकाकी झाड, सुटणारी गाडी आणि मागे राहिलेली मैत्रीण हे या गाण्यांचे विषय असल्याने ती नवी होती तेव्हाही ताटातुटीचीच गाणी होती. म्हणून आज ती ऐकणाऱ्या वृद्धाला केवळ गेलेले तारुण्य आठवत नाही. पंधराव्या वर्षी आपण काय आठवून व्याकूळ होत होतो, तेही त्याला आठवते. नात्सुमेरोची पकड इतकी खोल असण्याचे मुख्य कारण प्रस्तुत लेखकाच्या मते हेच आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अशा भावविश्वाच्या गाण्यांना ‘एन्का’ हे नाव रूढ झाले. इशिकावा सायुरी यांचे ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’ (१९७७) हे त्या प्रकारातील एक अग्रगण्य गीत आओमोरी ते हाकोदाते या फेरीबोटीच्या हिवाळी प्रवासावर रचलेले आहे. समुद्राखालचा सेइकान बोगदा सुरू झाल्यावर १९८८ मध्ये रेल्वेची ती फेरीसेवा बंद पडली, आणि गाण्याला मुळात नसलेली आणखी एक हुरहुर जडली.

प्रथा म्हणून नात्सुमेरोला आकार दिला तो प्रसारणमाध्यमांनी. टोकियोच्या बाराव्या वाहिनीवर १९६८ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमामुळे शोजी तारो (१८९८–१९७२) यांच्यासारखे, ताठ उभे राहून गाणारे युद्धपूर्व गायक पुन्हा प्रकाशात आले. पुढच्याच वर्षी एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ‘ओमोइदे नो मेरोदी’ हा वार्षिक कार्यक्रम सुरू केला. तो ऑगस्टमध्ये असतो, म्हणजे ज्या महिन्यात पितरांच्या ‘ओबोन’ सणासाठी कुटुंबे गावी जमतात आणि युद्धसमाप्तीचे स्मरण होते. एनएचकेच्याच रेडिओवर १९९० पासून रात्रभर चालणाऱ्या ‘राजिओ शिन्याबिन’ या कार्यक्रमात पहाटे तीनच्या सुमारास जुनी जपानी गाणी लागतात. झोप कमी झालेल्या वृद्धांचा तो हक्काचा तास आहे. इनोउए दाइसुके यांनी १९७१ मध्ये कोबे येथे भाड्याने देण्यास सुरुवात केलेल्या कराओके यंत्राने ऐकणाऱ्याला गाणारा बनवले, आणि मोहल्ल्यातील छोट्या मद्यगृहांत ही गाणी रोज रात्री गायली जाऊ लागली.

जपानच्या लोकसंख्येत पासष्ट वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण आता सुमारे २९ टक्के आहे. वृद्धांच्या देखभाल केंद्रांत मोठ्या अक्षरांत छापलेल्या गीतपुस्तिका घेऊन सामूहिक गायन केले जाते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या जीवन-पुनरावलोकनाच्या कल्पनेतून पुढे आलेल्या ‘स्मरण-पद्धती’तही या गाण्यांचा उपयोग होतो. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती घरच्यांची नावे विसरूनही तरुणपणीच्या गाण्याचे शब्द कधी कधी अचूक गाते, असा या क्षेत्रातील अनुभव आहे. गाण्यांची निवड करताना प्रत्येकाचे जन्मवर्ष आणि मूळ गाव विचारात घ्यावे लागते. नव्वदीतील आणि सत्तरीतील माणसाला एकच गाणी लावणे ही तेथील एक सामान्य चूक आहे.

अलीकडे शोवा काळातील गाणी विशी-तिशीतील जपानी तरुणही आवडीने ऐकतात, आणि मात्सुबारा मिकी यांचे १९७९ मधील पदार्पणाचे गाणे २०२० च्या अखेरीस इंटरनेटवरून अनेक देशांत पोहोचले. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता त्यांच्या या आवडीला नात्सुमेरो म्हणावे का, याविषयी मतभेद संभवतात. मूळ अर्थाने पाहता ती वेगळ्या जातीची ओढ आहे.