समुपदेशक निर्ढावलेले असतात का?

‘लैंगिक गुन्हेगारांवर उपचार करणारे समुपदेशक निर्ढावलेले असतात, त्यांना काही वाटत नाही,’ हा समज जुना आहे. ते समोर शांत बसतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण ती शांतता कामाचा भाग असते. गुन्ह्यांचे तपशील सतत ऐकले की ते घरापर्यंत येतात: स्वतःच्या लेकराला आंघोळ घालताना हात क्षणभर थबकतो, शेजारच्या काकांवरही नजर राहते, झोप उडते. मानसशास्त्रात १९९०पासून याला ‘परोक्ष आघात’ या अर्थाचं नावच आहे. सगळ्यांना तो सारखा होत नाही; अनेकांना समाधानही मिळतं, कारण पुढचं एखादं मूल वाचू शकतं. खात्री करायची तर ओळखीच्या समुपदेशकाला विचारा, ‘तुमचं सुपरव्हिजन कसं होतं?’ सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी समुपदेशकही ज्येष्ठ समुपदेशकांसमोर बसून हे ओझं मोकळं करतात.