ट्रॅक्टरची शिसे-आम्ल बॅटरी : हाताळणी व चार्जिंग

ट्रॅक्टर, पिकअप, रिक्षा यांचे इंजिन सुरू करणारी, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ती प्रथम तयार केली. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ सेल एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येकात शिशाच्या प्लेटा आणि पातळ सल्फ्युरिक आम्ल. नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात, ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअरची फवारणी सुरू झाली की ट्रॅक्टरला सारखा सेल्फ मारावा लागतो. काढणी आटोपल्यावर काही ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे शेडमध्ये उभे राहतात, आणि पुष्कळ बॅटऱ्या खराब होतात त्या याच काळात.

बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते. लगेच चार्ज केली तर ते निघून जाते. तसेच राहिले तर त्याचे स्फटिक मोठे आणि टणक होतात, मग चार्जरला कितीही वेळ लावा, गेलेली क्षमता परत येत नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांजवळ गेला की बॅटरी आपोआपही लवकर उतरते. म्हणून उभ्या ट्रॅक्टरची ऋण वायर काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा मल्टीमीटर लावावा. तीन-चार तास विश्रांती मिळालेल्या बॅटरीवर १२.५ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावावी.

बॅटरी काढताना इंजिन बंद हवे. चालू इंजिनवर वायर सोडल्यास अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) डायोड उडू शकतात. आधी ऋण, मग धन. बसवताना उलट, आधी धन. कारण साधे आहे: ऋण वायर बॉडीला जोडलेली असते. ती तशीच ठेवून धन टर्मिनलवर पाना फिरवला आणि तो बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. अंगठी, कडे आधीच काढावे. चष्मा आणि रबरी हातमोजे टाळू नयेत.

चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या एक दशांश ठेवावा: ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ८ अँपिअर. निम्मी उतरलेली बॅटरी हिशेबाने पाच-सहा तासांत भरायला हवी, पण शेवटी प्रवाह घटत जातो, म्हणून आठ-दहा तास धरावेत. व्होल्टेज १४.४ च्या वर गेले की पाण्याचे विघटन वाढून हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून बंद पंपघरात चार्जिंग करू नये, बिडी-सिगारेट दूर ठेवावी, आणि क्लिपा लावताना-काढताना चार्जरचे बटण बंद असावे. आपोआप बंद न होणारा जुना चार्जर रात्रभर लावून झोपणे धोक्याचे आहे. बॅटरी हाताला चांगलीच गरम लागली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर चार्जर बंद करून खोली मोकळी करावी.

पाणी भरायचे ते फक्त डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्यातील लोह व क्लोराइड प्लेटांना मारक ठरतात. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. पातळी प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर असावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच पाणी आधी घालावे, बाकीचे चार्जिंगनंतर. नाहीतर फुगलेले आम्ल झाकणातून बाहेर येते. वरून आम्ल घालण्याची सवय चुकीचीच, कारण बाष्प होऊन जाते ते पाणी. हायड्रोमीटरवर (आम्लाची घनता मोजायचे साधन) एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने कमी दाखवत असेल (गॅरेजच्या भाषेत १२५० आणि १२००), तर तो सेल गेला असे समजावे. सीलबंद बॅटरी उघडू नये.

टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नये. आम्ल डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन तडक डॉक्टरकडे जावे. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी. त्यातले आम्ल बांधावर किंवा नाल्यात ओतू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.