होजिअरी म्हणजे नेमकं काय? आईच्या स्टॉकिंग्जवरून सुरू झालेली गोष्ट

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी आईला व्हेरिकोज व्हेन्ससाठी पाय दाबून धरणारे स्टॉकिंग्ज घालायला सांगितले. तीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलंय तिने, पोटऱ्यांवर निळ्या शिरांची जाळी झालीये. आम्ही सरळ लक्ष्मी रोडवर होजिअरीची पाटी असलेल्या दुकानात गेलो तर तिथे बनियन, स्लिप, लेगिंग्ज, गाडीवर घालायचे अंगठ्याचे मोजे सगळं होतं, हे मात्र नव्हतं. काका म्हणाले, "ताई, ते सर्जिकलच्या दुकानात मिळेल." परत येताना रिक्षात आई म्हणाली, "अगं पण मग होजिअरी म्हणजे काय गं नक्की?"

तर इंग्रजीत 'होज' म्हणजे पाय झाकणारं वस्त्र. मध्ययुगात युरोपात पुरुषसुद्धा ते घालायचे आणि सुरुवातीला ते विणलेलं नसायचं, कापड तिरकं कापून शिवायचे, त्यामुळे गुडघ्याला नि घोट्याला चुण्या पडायच्या. नंतर सुयांवर विणलेले होज आले, मग ते विणायची यंत्रं आली, आणि त्याच पद्धतीने बनियनही विणता येतो म्हटल्यावर पायाचा शब्द अंगावर चढला. लुधियाना, तिरुपूरची होजिअरी म्हणतो ती हीच. आपला 'मोजा' पण असाच फिरून आलाय, मूळ फारसीत त्याचा अर्थ बूट.

म्हणजे होजिअरीची खरी ओळख पाय नाही, फास आहे, म्हणजे एकमेकांत अडकवलेले धाग्याचे वेढे. घरातला एखादा जुना बनियन घ्या आणि भिंगातून बघा. बाहेरून उभ्या रांगेत इंग्रजी व्हीसारखी बारीक नक्षी दिसते, आतून आडव्या कमानी. आईने बघितल्या बघितल्या ओळखलं, "हे सुलट आणि हे उलट!" स्वेटरचेच टाके, फक्त खूप बारीक. साडीच्या कापडात ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, एकमेकांतून सरळ जातात, ओढलं तरी धाग्याला जायला जागाच नसते. इथे प्रत्येक फास वाकलेला असतो, ओढला की लांबतो, सोडला की परत येतो, म्हणून साधा सुती बनियनसुद्धा इलॅस्टिक नसताना ताणला जातो. आणि म्हणूनच एक टाका तुटला की त्याच्या रांगेतले फास एकामागून एक सुटत जातात नि स्टॉकिंगला शिडी पडते.

हाताने विणताना एका वेळी एकच टाका होतो. १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली नावाच्या पाद्र्याने प्रत्येक टाक्याला वेगळी सुई देऊन अख्खी ओळ एकदम विणणारं यंत्र केलं. गोष्ट अशी सांगतात की राणी एलिझाबेथने त्याला पेटंट नाकारलं, हाताने विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होणार म्हणून. तो फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला. त्याच्या कल्पनेवर पुढे अख्खा धंदा उभा राहिला पण त्याला स्वतःला काही मिळालं नाही, हे वाचताना मला खरंच वाईट वाटतं. १८११ मध्ये त्याच भागात यंत्रांविरुद्ध उठलेल्या लडाइट कामगारांनी फोडलेली यंत्रं मोजे विणायचीच होती.

मला सगळ्यात आवडलेली वस्तू मात्र त्याच्याही कितीतरी आधीची आहे. इजिप्तमध्ये सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे लोकरीचे मोजे सापडलेत, एकाच सुईने गाठवत केलेले, आणि पुढे अंगठा वेगळा! सँडलचा पट्टा मध्ये बसावा म्हणून. आपल्याकडे बायका थंडीत चपलांवर घालून गाडीवरून जातात तेच अंगठ्याचे मोजे.

नायलॉनचं थोडक्यात सांगते. १९३५ मध्ये वॉलेस कॅरोदर्सने ड्यूपॉन्टच्या लॅबमध्ये ते बनवलं, १९४० मध्ये अमेरिकेत त्याचे स्टॉकिंग्ज विकायला आले, आणि महायुद्धात तोच धागा पॅराशूटकडे वळला. पाकिटावर 'डेनियर' लिहिलेलं असतं ते म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १५ डेनियरचा धागा नऊ किलोमीटर, म्हणजे पुण्यात स्वारगेटपासून कात्रज चौकाच्याही पुढे जाईल इतका लांब घेतला तरी वजन फक्त १५ ग्रॅम.

आता आईचे स्टॉकिंग्ज. माणूस स्थिर उभा असताना घोट्याजवळच्या शिरांमध्ये ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, कारण हृदयापासून खालपर्यंत रक्ताचा उभा स्तंभच असतो. चाललं की पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात आणि आतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. झडपा सैल झाल्या की रक्त साचतं, शिरा फुगतात. कॉनराड जॉब्स्ट या इंजिनिअरला स्वतःला हाच त्रास होता, स्विमिंग पूलमध्ये उभं राहिलं की पायांना बरं वाटतं हे त्याच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्याला सगळ्यात जास्त आणि वर कमी होत जाणारा. तोच दाब त्याने १९५० च्या सुमारास मोज्यात आणला. (पायाच्या रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीत, अडथळा असेल तर हे मोजे धोक्याचे ठरू शकतात, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घ्या.)

माप सकाळी घ्यायचं, पाय सुजायच्या आत. पहिल्या दिवशी आम्हाला घालायला वीस मिनिटं लागली. मग सर्जिकलवाल्या दादांनी दाखवलं, मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत घालून टाच नीट टाचेवर बसवायची आणि मग तळव्यांनी थोडा थोडा वर सरकवत न्यायचा, वरची कड धरून ओढायचं नाही. आता आई उठल्या उठल्या पलंगावर बसूनच घालते आणि मग चहा ठेवते.