महामंदी, नाझी हुकूमशाही आणि वंशसंहार

जर्मनीत १९२९ ते १९४५ या काळात घडलेली घटनामालिका. जागतिक मंदीने खिळखिळे झालेले वायमार प्रजासत्ताक (पहिल्या महायुद्धानंतरची जर्मन लोकशाही) मोडून १९३३ मध्ये अडॉल्फ हिटलर (१८८९–१९४५) सत्तेवर आला. त्याच्या राजवटीने १९३९ मध्ये युरोपला युद्धात लोटले आणि त्या युद्धाच्या आडोशाने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. मंदी, हुकूमशाही, युद्ध, संहार अशी साखळी पाठ्यपुस्तके मांडतात. ती चुकीची नाही, पण तिची एकही कडी आपोआप जुळलेली नाही. मंदी अमेरिकेत आली, ब्रिटनमध्ये आली, स्वीडनमध्येही आली. स्वीडनमध्ये १९३३ च्या मे महिन्यात सोशल डेमोक्रॅट आणि शेतकरी पक्ष यांनी बेकारांना काम व शेतमालाला भाव अशी देवाणघेवाण ठरवली आणि लोकशाही टिकवली. जर्मनीत प्रत्येक वळणावर कोणीतरी वेगळा निर्णय घेतला.

दोन संकटे

जर्मनीच्या आर्थिक दुर्दशेचे नाव काढले की नोटांनी भरलेल्या हातगाड्यांची छायाचित्रे आठवतात. ती १९२३ ची आहेत. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने (२८ जून १९१९) जर्मनीवर युद्धाची जबाबदारी टाकली आणि १९२१ मध्ये नुकसानभरपाईचा आकडा १३,२०० कोटी सुवर्ण मार्क ठरला. हप्ते थकल्यावर जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियमच्या सैन्याने रूर हा कोळशा-पोलादाचा प्रदेश ताब्यात घेतला. तिथल्या संपकरी कामगारांना पोसण्यासाठी सरकारने नोटा छापण्याचा सपाटा लावला. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. पेन्शनर, विधवा, युद्धरोख्यांत पैसे घातलेले मध्यमवर्गीय यांची आयुष्यभराची पुंजी पाण्यात गेली. त्याच महिन्यात हिटलरने म्युनिकमध्ये बंडाचा प्रयत्न केला. तो फसला आणि त्याला तुरुंगवास झाला.

नवे चलन आले, १९२४ च्या डॉस योजनेने हप्ते सोपे केले आणि अमेरिकी कर्जाचा ओघ सुरू झाला. पुढची चार-पाच वर्षे बरी गेली. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते आणि १२ जागा मिळाल्या. चलनफुगवट्याने हिटलरला सत्तेवर आणले ही समजूत म्हणूनच टिकत नाही. ज्या संकटाने त्याला वर आणले, त्यात किमती घसरत होत्या.

हे दुसरे संकट ऑक्टोबर १९२९ मधील न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराच्या घसरणीने चव्हाट्यावर आले. जर्मन नगरपालिकांनी पोहण्याचे तलाव आणि घरकुले बांधली होती ती अल्प मुदतीच्या परकीय कर्जावर, आणि धनको ते पैसे परत मागू लागले. मार्च १९३० मध्ये बेकारी विम्याच्या वर्गणीतील अर्ध्या-पाव टक्क्याच्या वादावरून हेर्मान म्यूलर यांचे आघाडी सरकार पडले. संसदेत खरे बहुमत असलेले ते शेवटचे सरकार ठरले, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीही नव्हते.

काटकसर आणि वटहुकूम

नवे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) हाइनरिख ब्र्यूनिंग यांनी संसदेला बाजूला ठेवले. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्या सहीने, घटनेच्या ४८ व्या कलमाखाली वटहुकूम काढून ते कारभार हाकू लागले. पगार कापले, भत्ते कापले, कर वाढवले. मार्कची सोन्याशी बांधलेली किंमत सोडायची नाही हा त्यांचा हट्ट होता. त्यामागे १९२३ ची धास्ती होती, तहातली बंधने होती आणि आपली कंगाली दाखवून नुकसानभरपाई रद्द करून घ्यावी हा हिशेबही होता. ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये सुवर्ण परिमाण सोडले, जर्मनीने सोडले नाही.

मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटान्श्टाल्ट बँक कोलमडली. जुलैत नॉर्डवोल्ले ही कापड कंपनी बुडाली आणि तिला भरमसाट कर्ज दिलेल्या बर्लिनच्या डानाट बँकेने १३ जुलै रोजी दारे बंद केली. सरकारला देशभरातील बँका बंद ठेवाव्या लागल्या. १९३२ च्या सुरुवातीस नोंदणीकृत बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली होती आणि औद्योगिक उत्पादन १९२९ च्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी उतरले होते.

मतपेटीत याचे प्रतिबिंब पडले, पण सरधोपटपणे समजतात तसे नाही. खुद्द बेकार कामगार मोठ्या प्रमाणात कम्युनिस्टांकडे वळले. नाझींची भरती झाली ती प्रोटेस्टंट खेड्यांतून, कर्जबाजारी शेतकरी, छोटे दुकानदार, कारागीर यांच्यातून. ज्यांचे अजून सगळे गेले नव्हते, पण उद्या जाईल या भीतीने ज्यांची झोप उडाली होती, अशी ही माणसे. सप्टेंबर १९३० मध्ये नाझींना १०७ जागा मिळाल्या, जुलै १९३२ मध्ये २३० (३७.३ टक्के). त्याच जुलैत लोझान परिषदेत नुकसानभरपाई जवळजवळ रद्दच झाली आणि वर्षअखेरीस मंदीचा तळ गाठल्याची चिन्हे दिसू लागली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत नाझींची सुमारे २० लाख मते घटली.

म्हणजे पक्षाला ओहोटी लागली असताना हिटलरला सत्ता मिळाली, आणि ती दिली दरबारी मंडळींनी. माजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन यांना आपले प्रतिस्पर्धी आणि तेव्हाचे चॅन्सेलर जनरल श्लायशर यांचा काटा काढायचा होता. हिटलरला मंत्रिमंडळात कोंडून त्याची लोकप्रियता वापरून घेऊ, असा त्यांचा होरा होता. ३० जानेवारी १९३३ रोजी शपथ घेतलेल्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच होते.

पुढचे सारे काही महिन्यांत उरकले. २७ फेब्रुवारीला संसद भवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी नागरी हक्क स्थगित झाले. २२ मार्चला डाखाऊ येथील छळछावणी सुरू झाली. २३ मार्चला, सभागृहात गणवेशधारी नाझींचा पहारा असताना, संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले कायदे करण्याचे अधिकार सरकारला देऊन टाकले. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत होते. विरोधात मते दिली ती फक्त सोशल डेमोक्रॅटांनी. १४ जुलैपासून नाझी पक्षाखेरीज कोणताही पक्ष बेकायदा ठरला. ऑगस्ट १९३४ मध्ये हिंडेनबर्ग वारले आणि सैनिकांनी देशाऐवजी हिटलरच्या नावाने शपथ घेतली.

हुंड्यांवर उभी भरभराट

‘हिटलरने बेकारी संपवली’ हे वाक्य आजही गप्पांत ऐकू येते. बेकारी हटली हे खरे, पण कशी, ते पाहायला हवे. द्रुतगती महामार्गांचा गाजावाजा फार झाला, मात्र ऐन भरातही त्या कामावर सव्वा लाखाच्या आसपासच माणसे होती. खरा पैसा शस्त्रांत गेला. राइशबँक या जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ह्याल्मार शाख्ट यांनी ‘मेफो’ नावाची कागदी कंपनी उभी केली. क्रुप, सीमेन्स अशा चार कारखानदार कंपन्यांच्या नावावर असलेल्या या कंपनीचे भांडवल होते १० लाख मार्क. शस्त्रपुरवठादार तिच्यावर हुंडी लिहीत, सरकार हमी देई आणि राइशबँक ती वटवी. १९३८ पर्यंत अशा हुंड्या सुमारे १,२०० कोटी मार्कांवर पोचल्या. अंदाजपत्रकात हे कर्ज दिसत नसे, त्यामुळे शस्त्रसज्जता परदेशांच्या नजरेआड राही.

१९३३ मध्ये लष्करी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एखाद-दोन टक्के होता. १९३८ पर्यंत तो जवळपास पाचव्या हिश्श्यावर गेला. कारखाने धडधडत होते, पण रबर, तेल, तांबे, लोहखनिज आणि चरबी बाहेरून आणावी लागे आणि त्यासाठी परकीय चलन नव्हते. शस्त्रांचा वेग कमी करून निर्यात वाढवावी, असे शाख्ट सुचवू लागले. हिटलरने १९३६ मध्ये आपला निकटचा सहकारी गोरिंग याच्याकडे चतुर्वार्षिक योजना सोपवली आणि चार वर्षांत सैन्य व अर्थव्यवस्था युद्धाला तयार हवी असे बजावले. जानेवारी १९३९ मध्ये राइशबँकेच्या संचालकांनी धोक्याची लेखी सूचना दिली, तेव्हा शाख्ट यांची गच्छंती झाली. मार्च १९३८ मध्ये गिळंकृत केलेल्या ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेतील सोने व चलन राइशबँकेच्या स्वतःच्या साठ्याच्या कितीतरी पट होते. विस्ताराने तिजोरी भरते हा धडा राजवटीने तिथेच गिरवला. पुढे चेकोस्लोव्हाकिया झाला आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंड. पूर्वेकडे जर्मनांसाठी जमीन हवी हे हिटलरचे मत मंदीच्याही आधीचे होते. मंदीने त्याला श्रोते दिले आणि शस्त्रांच्या अर्थव्यवस्थेने घाई.

जपानची वाट वेगळी आणि काही बाबतींत अधिक बोलकी आहे. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनी डिसेंबर १९३१ मध्ये सुवर्ण परिमाण सोडले, सरकारी खर्च वाढवला आणि मंदीतून देश लवकर बाहेर काढला. अर्थव्यवस्था सावरल्यावर त्यांनी लष्कराच्या खर्चाला कात्री लावायला घेतली, आणि २६ फेब्रुवारी १९३६ रोजी बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना घरात घुसून ठार मारले. तोवर जपानी सैन्याने मांचुरिया व्यापलेच होते. १९३७ मध्ये चीनशी उघड युद्ध सुरू झाले आणि डिसेंबरात नानकिंगची कत्तल झाली. इटलीत मुसोलिनी १९२२ पासूनच, म्हणजे मंदीआधी, सत्तेवर होता.

लूट, उपासमार, हत्या

ज्यूद्वेष मंदीतून जन्मला नाही. तो जुना होता आणि हिटलरच्या विचारांचा गाभाच होता. १९३३ मध्ये जर्मनीतील ज्यूंचे प्रमाण लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते. पण संकटकाळात तयार झालेली सरकारी हत्यारे या द्वेषाच्या हाती कशी पडली, याचे एक उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. डिसेंबर १९३१ मध्ये ब्र्यूनिंग सरकारने पगारकपातीच्याच वटहुकमात ‘देशत्याग कर’ बसवला. श्रीमंतांनी पैसा घेऊन परदेशी पळू नये म्हणून २ लाख मार्कांहून अधिक मालमत्तेवर २५ टक्के. त्यात ज्यूंचा उल्लेखही नव्हता. नाझींनी १९३४ मध्ये मर्यादा ५० हजारांवर आणली आणि हाच कर जीव वाचवून निघालेल्या ज्यूंना नागवण्याचे साधन झाला. उरलेला पैसा गोठवलेल्या खात्यात जाई आणि परकीय चलनात बदलताना १९३९ पर्यंत त्यातले ९० टक्क्यांहून अधिक कापले जात. कारकून, अर्ज, शिक्के सगळे जुनेच होते.

१९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढले. ९–१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) जाळले गेले, सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छावण्यांत टाकले गेले, आणि वर झालेल्या नुकसानीबद्दल ज्यूंनाच १०० कोटी मार्कांचा दंड झाला. त्याआधी जुलैत फ्रान्समधील एव्हियां येथे ३२ देश निर्वासितांच्या प्रश्नावर बसले होते. बहुतेकांनी सहानुभूती दाखवली, दारे मात्र उघडली नाहीत. मंदीत आपल्याच लोकांना काम नाही, ही सबब जवळजवळ सर्वांच्या तोंडी होती.

युद्ध सुरू झाल्यावर हत्या धोरण बनली. अपंग व मनोरुग्णांपासून सुरुवात झाली. ऑगस्ट १९४१ पर्यंत असे सुमारे ७० हजार लोक वायूने मारले गेले. सोव्हिएत युनियनवरील चढाईपूर्वी, २ मे १९४१ रोजी बर्लिनमध्ये सचिवांची बैठक झाली. सैन्याला लागणारे धान्य त्याच देशातून काढायचे आणि त्यापायी कोट्यवधी माणसे भुकेने मरतील यात शंका नाही, असे तिच्या इतिवृत्तात नोंदले आहे. योजनेमागचा प्रमुख माणूस हर्बर्ट बाके हा अन्न मंत्रालयातील शेतीतज्ज्ञ होता. सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे ३० लाख मेले, त्यांतले बरेचसे काटेरी तारांच्या आत, उघड्यावर, अन्नावाचून.

सैन्यामागून गेलेल्या मारेकरी तुकड्यांनी गावेच्या गावे गोळ्या घालून संपवली. कीव्हजवळच्या बाबी यार दरीत २९–३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारल्याची नोंद त्यांच्याच अहवालात आहे. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनमधील वान्झे तलावाकाठी १५ अधिकाऱ्यांनी युरोपभरच्या ज्यूंच्या संहाराची प्रशासकीय जुळवाजुळव केली. बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका ही केंद्रे केवळ मारण्यासाठी उभारली गेली. व्यापलेल्या पोलंडमधील आउशवित्झ छावणीत सुमारे ११ लाख माणसे मेली, त्यांत जवळपास १० लाख ज्यू. रोमा लोकांचे बळी किमान २ लाख मानले जातात.

ज्यूंना या केंद्रांकडे नेणाऱ्या गाड्यांचे भाडे रेल्वे खाते लावीत असे. तिसऱ्या वर्गाचे, एकेरी प्रवासाचे. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील फुकट, आणि ४०० हून अधिक प्रवासी असल्यास समूह सवलत. माणसे कोंबली जात मालडब्यांत. मागे राहिलेली त्यांची कपाटे, पलंग, भांडी हँबर्गसारख्या शहरांत लिलावात विकली जात. घेणाऱ्यांत बाँबहल्ल्यात घर गमावलेली सामान्य कुटुंबे असत. लुटीचा वाटा खालपर्यंत झिरपला होता, म्हणून ‘आम्हाला काही ठाऊक नव्हते’ हा युद्धानंतरचा बचाव इतिहासकारांना पटत नाही.

अन्नटंचाईने संहाराचा वेग वाढवला का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. १९४२ च्या वसंतात जर्मनीत पावाचे रेशन कापले गेले आणि त्याच उन्हाळ्यात पोलंडमधील ज्यूंची हत्या शिगेला पोचली, याकडे काही जण बोट दाखवतात. इतर म्हणतात की, कामाला जुंपता येतील अशी लाखो धडधाकट माणसे मारणाऱ्या राजवटीच्या कृत्याला आर्थिक शहाणपणाचा मुलामा देऊ नये. दुसरे म्हणणे अधिक वजनदार वाटते. मजुरांचा दुष्काळ असताना, सैन्य हटत असतानाही १९४४ मध्ये हंगेरीतून ४ लाखांहून अधिक ज्यू गाड्या भरून आउशवित्झला नेले गेले.

भारत व महाराष्ट्र

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यांत मुंबईचे बाळ गंगाधर खेर यांचेही होते. मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. रायगड जिल्ह्यातील (तत्कालीन कुलाबा) माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचे नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

नाझींपासून पळालेली काही माणसे मुंबईत आली. संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये आले आणि आकाशवाणीची ओळखीची धून त्यांच्या नावावर आहे. व्हिएन्नातून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर व कलासंग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप या मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या गटातील तरुणांना आधार दिला. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक बायका आणि मुले. हिटलर व स्टालिन यांनी १९३९ मध्ये पोलंड वाटून घेतल्यावर सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले होते. तिथून इराणमार्गे ते भारतात पोचले. वसाहतीत शाळा, चर्च, दवाखाना होता. कोल्हापुरात आणि वॉर्सातही या वसाहतीचे स्मारक आहे.