एका फायबरवर बत्तीस घरं

घरातल्या फायबरच्या डब्यावर 'पॉन' नावाचा हिरवा दिवा असतो. पॉन म्हणजे पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या वाटेत वीज लागणारं काही नाही, म्हणून 'पॅसिव्ह'. वाटेत असतो तो स्प्लिटर. आलेला प्रकाश तो नुसता वाटून देतो. बत्तीस वाटे केले की प्रत्येकाच्या पदरी मुळातल्या प्रकाशाचा बत्तिसावा हिस्साही धड येत नाही, पण तेवढा पुरतो.

ही वाटणी आधी कचेरीतल्या कॉम्प्युटरांसाठी झाली. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेतले रॉसन आणि मेटकाफ यांनी 'फायबरनेट' मांडलं. मधोमध एक स्टार कपलर. एकाने पाठवलेला प्रकाश सगळ्यांकडे. अडचण अशी की दोघं एकदम बोलले तर ती टक्कर ओळखणं प्रकाशात अवघड. म्हणून पुढच्या फायबरनेट-२ मध्ये मधल्या जागी वीज लागणारं यंत्र बसवावं लागलं.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश टेलिकॉमने टेलिफोनसाठी पॅसिव्ह वाटणीच धरली आणि टक्कर ओळखायचा प्रश्नच निकालात काढला: एक्स्चेंज सांगेल तेव्हाच बोलायचं. खरी मेख मात्र अंतरात आहे. २० किलोमीटरवर जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे २०० मायक्रोसेकंद लागतात, एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला जवळपास काहीच नाही. म्हणून प्रत्येक डब्याचं अंतर आधी मोजून जवळच्याला जास्त आणि दूरच्याला कमी थांबायला लावतात. माझ्या मते या तंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

मग मानकं आली. १९९८ चं एपॉन सेकंदाला ६२२ मेगाबिटपर्यंतचं. २००३ पासूनचं जीपॉन खाली (घराकडे) अडीच आणि वर (एक्स्चेंजकडे) सव्वा गिगाबिटचं. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत हेच जीपॉन गेलं.

टक्कर मात्र पुरती गेलेली नाही. एखादा डबा बिघडून आपली पाळी नसताना प्रकाश सोडत राहिला, तर त्याच स्प्लिटरवरची बाकीची घरंही बंद पडू शकतात. मग लाइनमन खांबाशी उभा राहून एकेक वायर काढत, दोषी घर कुठलं ते शोधत बसतो.