बहुकक्ष वातानुकूलनातील प्रशीतक नळजोडणी

एका आऊटडोअर युनिटला अनेक खोल्यांतली इनडोअर युनिट जोडणारे तांब्याच्या नळ्यांचे जाळे बसवण्याचे काम. अशा मोठ्या यंत्रणांना व्हीआरएफ (व्हेरिएबल रेफ्रिजरंट फ्लो, म्हणजे गरजेनुसार बदलणारा प्रशीतकाचा प्रवाह) म्हणतात. डायकिन या जपानी कंपनीने १९८२ मध्ये ती व्हीआरव्ही या नावाने प्रथम बाजारात आणली. नळ्यांतून प्रशीतक, म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर वाहून नेणारा पदार्थ, फिरते. कामावर त्याला सगळे ‘गॅस’ म्हणतात, पण एका नळीत ते द्रवरूप आणि दुसरीत वायुरूप असते. घरातल्या साध्या स्प्लिट एसीला चार सांधे आणि काही मीटर नळी पुरते. मोठ्या व्हीआरएफ यंत्रणेत काही उत्पादक एकूण १,००० मीटरपर्यंत नळीला परवानगी देतात आणि सांध्यांची संख्या त्या प्रमाणात वाढते. यातले बहुतेक काम नंतर फॉल्स सीलिंगच्या वर किंवा शाफ्टमध्ये झाकले जाते. तिथली चूक दुरुस्त करायची म्हणजे राहते घर किंवा चालू रुग्णालय उचकटायचे.

भारतात बसवलेल्या बहुतेक व्हीआरएफ यंत्रणांत आर-४१०ए हे प्रशीतक आहे. आर-३२ आणि आर-१२५ यांचे वजनाने निम्मे-निम्मे मिश्रण असलेल्या या प्रशीतकाचा दाब जुन्या आर-२२ च्या सुमारे १.६ पट असतो. कडक उन्हात गच्चीवरच्या युनिटमध्ये तो ३० बारच्या घरात जातो. म्हणून नळीच्या भिंतीची जाडी, फ्लेअरचा (नटाने आवळण्यासाठी रुंदावलेल्या नळीच्या तोंडाचा) आकार, दाब मोजणारे गेज आणि त्याचे लवचीक होज हे सगळे याच दाबासाठीचे लागते. शिवाय कॉम्प्रेसरमधले पॉलिओल एस्टर तेल हवेतली ओल झपाट्याने शोषते. ओलीमुळे त्याचे विघटन होऊन आम्ले तयार होतात आणि मोटरच्या वेटोळ्यांचे इन्सुलेशन खराब होते. त्यामुळे नळी आतून स्वच्छ, कोरडी आणि गळतीमुक्त हवी. साइटवर आलेल्या नळीच्या दोन्ही तोंडांना टोपण असावे आणि सांधा करायच्या क्षणीच ते काढावे. नळी हॅकसॉने न कापता पाइप कटरने कापतात. कडेचा बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढताना तोंड खाली धरतात, म्हणजे तांब्याचा चुरा आत न जाता बाहेर पडतो.

सगळ्यांत जास्त हयगय ब्रेझिंगमध्ये, म्हणजे वितळलेल्या सळईने नळ्या सांधण्यात, होते. तांबे-फॉस्फरसची सळई सुमारे ६४५ अंश सेल्सियसला वितळू लागते आणि सांधा ७०० ते ८०० अंशांपर्यंत तापवावा लागतो. एवढ्या उष्णतेत नळीत हवा असेल तर आतल्या भिंतीवर कॉपर ऑक्साइडचा काळा थर धरतो. यंत्रणा चालू झाली की त्याचे पापुद्रे सुटतात आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (द्रव प्रशीतकाचा दाब उतरवणाऱ्या झडपेच्या) गाळणीत अडकतात. उपाय एकच: ब्रेझिंग चालू असताना नळीतून सुमारे ०.२ बार दाबाने कोरडा नायट्रोजन वाहता ठेवणे, दुसरे टोक मोकळे ठेवणे, आणि सांधा हाताला सोसेल इतका थंड होईपर्यंत सिलिंडर बंद न करणे. दाब जास्त ठेवला तर वितळलेला धातू बाहेर फेकला जाऊन सांध्यात बारीक भोके राहतात. गळती दाबचाचणीत पकडता येते. ही काजळी कोणत्याच चाचणीत दिसत नाही, म्हणूनच नायट्रोजनचा खर्च वाचवण्याचा मोह होतो. याला आळा घालण्याची एक खात्रीची रीत आहे. कामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक कारागिराकडून एक नमुना सांधा करून घ्यावा आणि तो उभा चिरून पाहावा. आत तांब्याचा मूळ रंग टिकला असेल तर हात बरोबर आहे. काळपट खपली दिसली तर त्याला पुढचा सांधा करू देऊ नये.

ब्रेझिंगच्या जागी अग्निशामक हाताशी असावा, सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले असावेत. प्रशीतक शिल्लक असलेल्या नळीला ज्योत कधीही लावू नये, कारण आर-४१०ए आगीत विघटित होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू देते. नायट्रोजन स्वतः विषारी नाही, पण बंदिस्त शाफ्टमध्ये साचला तर ऑक्सिजन घटतो आणि काम करणारा काही न जाणवता बेशुद्ध पडू शकतो.

फाटे फोडणारे वाय-जोड आडवे किंवा उभे, उत्पादकाने दिलेल्या कलाच्या मर्यादेतच बसवतात. तिरपा बसला तर द्रव दोन्ही फाट्यांत सारखा वाटला जात नाही. फ्लेअर नट टॉर्क रेंचने आवळतात, १२.७ मिमी नळीला साधारण ५० ते ६० न्यूटन-मीटर. अंदाजाने जोर लावला तर फ्लेअरला तडा जातो. लांब सरळ ओळीत तांब्याचे प्रसरणही धरावे लागते: ३० मीटर नळी ५० अंशांच्या फरकाने सुमारे २५ मिमी वाढते.

गळती तपासण्यासाठी कोरडा नायट्रोजनच भरतात. ऑक्सिजनचा तेलाशी संपर्क आला तर स्फोट होतो, त्यामुळे तो वापरणे जिवावरचे आहे. दाब टप्प्याटप्प्याने चढवून शेवटी साधारण ६०० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) आणतात, तापमान लिहून ठेवतात आणि २४ तास थांबतात. रात्री पारा ५ अंशांनी उतरला तर निव्वळ थंडीमुळे सुमारे १० पीएसआय घट दिसते. हा हिशेब न करणारा एकतर नसलेली गळती शोधत बसतो किंवा खरी गळती हवामानावर ढकलतो. चाचणी पुरी होईपर्यंत सांध्यांवर इन्सुलेशन चढवू नये.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणे. दाब २४ मिमी पाऱ्याच्या खाली गेला की २५ अंशांनाही पाणी उकळते आणि त्याची वाफ पंपाने ओढली जाते. लक्ष्य ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिमी पारा. साध्या मॅनिफोल्ड गेजवर ते कळत नाही, डिजिटल व्हॅक्यूम गेज लागतो. पंप बंद केल्यावर आकडा तासभर टिकायला हवा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम असेल तर मधे नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम पुन्हा करणे शहाणपणाचे. जादा प्रशीतक द्रव-नळीच्या मोजलेल्या लांबीवरून काढतात आणि काट्यावर तोलून भरतात.

दोन्ही नळ्यांना नायट्राइल रबरचे वेगवेगळे इन्सुलेशन लागते. नळी टांगणाऱ्या हँगरखाली ते चेपले की तिथेच घाम धरतो आणि छतावर डाग उठतात.

राहणाऱ्यांच्या जिवाशी थेट जोडलेला हिशेब मात्र नळी आणण्याआधीच करायचा असतो. सगळ्या खोल्यांची यंत्रे प्रशीतकाच्या एकाच साठ्यावर चालतात, म्हणून एका खोलीतली गळती अख्ख्या यंत्रणेचे प्रशीतक तिथे ओतू शकते. ते हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. आर-४१०एची मान्य मर्यादा दर घनमीटरला ०.४२ किलो आहे. १० बाय १२ फुटांची, ९ फूट उंचीची झोपण्याची खोली सुमारे ३० घनमीटरची. तिला १२-१३ किलोच सोसते. यंत्रणेत २० किलो असेल तर तिचे दोन भाग करावे लागतात, किंवा गळतीसूचक, आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह आणि वायुवीजन यांची सोय करावी लागते. सौम्य ज्वलनशील आर-३२ असेल तर खोलीच्या आकारमानाचे नियम याहून कडक आहेत.